बेवारस वस्तूला हात लावा

कुठलीही बेवारस वस्तू दिसली तर तिला हात लावू नका, ताबडतोब पोलिसांना कळवा. मुंबईच्या माणसाने हे वाक्य जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा त्याने स्वतःच्या आईचं काही ऐकलं नसेल. स्टेशनातली बाई ते मराठीत सांगते, हिंदीत सांगते, इंग्रजीत सांगते, आणि तेवढ्यात आपली गाडी दुसऱ्याच प्लॅटफॉर्मला लागते. पण ऐकून ऐकून ते अंगात मुरतं. आमच्या सोसायटीच्या जिन्यात एकदा कोणाचा तरी नवाकोरा कुकर बॉक्ससकट राहिला होता. दोन दिवस सगळे त्याला वळसा घालून जात होते. तिसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याने मात्र काही कळवलं वगैरे नाही.

अशा शहरात माझी भाची ओवी सुट्टीला आली ती एक खेळ घेऊन. खेळ असा, की कोणीतरी सार्वजनिक जागी एक डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर करायचे, आणि मग अनोळखी माणसांनी मोबाईल धरून ती बेवारस डबी हुडकायची, उघडायची, आतल्या चिठोऱ्यावर सही करायची आणि होती तिथे ठेवून द्यायची. बस. बक्षीस नाही, सर्टिफिकेट नाही, साधा चहा नाही.

"मग शोधायची कशाला?" मी विचारलं.

"मावशी, तू रोज शब्दकोडं सोडवतेस त्याचे पैसे मिळतात का गं?"

ओवी हॉलंडात, डेल्फ्टला शिकते. तिथे म्हणे पोरंसोरं, आजीआजोबा, कुत्री, सगळे रविवारी हेच करतात. खेळाचं नाव जिओकॅशिंग. जन्म अमेरिकेतला, आणि जन्मतारीखही पक्की ठाऊक आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरून सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात अमेरिकी सरकार मुद्दाम थोडी खोट घालत असे, म्हणजे आपण कुठे आहोत हे फक्त त्यांच्या लष्कराला नीट कळावं. ती खोट त्यांनी मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगनमधल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक काळी बादली नेऊन ठेवली नि तिचा पत्ता आकड्यांत जाहीर केला. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, एक गलोल होती आणि शिजवलेल्या बीन्सचा एक हवाबंद डबा होता. आमच्या ह्यांनी ही सगळी कथा शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "गलोल कशाला?" ह्यांना नेमका तोच प्रश्न पडतो ज्याचं उत्तर कोणाकडे नसतं.

खेळाचा एक कडक नियम आहे. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांना 'मगल' म्हणायचं (हा शब्द हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून उचललाय) आणि कुठल्याही मगलच्या नजरेस न पडता डबी काढायची. ऑरेगनच्या रानात ते जमत असेल. मुंबईत सव्वा कोटी मगल आहेत, आणि रविवारी सकाळी त्यातले निम्मे गेटवेवर असतात.

तर गेटवे. ओवीने निवडलेली डबी टप्प्याटप्प्याची होती. म्हणजे थेट पत्ता नाही. अपोलो बंदरापासून सुरुवात करायची, जुन्या किनाऱ्याने चालत जायचं, जागोजागच्या इमारतींवरून आकडे गोळा करायचे, ते एका सूत्रात घालायचे, की शेवटचा पत्ता मिळतो. नोकरीनिमित्त मुंबईत राहून गेलेल्या कोणा परदेशी माणसाने हे रचलेलं. ह्यांची अख्खी नोकरी गोदीत गेली. आपल्या किनाऱ्यावर कोणी गोरा आपल्यासाठी कोडं घालून गेलाय हे त्यांना मुळातच पसंत नव्हतं. "त्यांनी आधी काय कमी घातली?" असं म्हणत त्यांनी पायात सँडल चढवले. मी घारगे बांधून घेतले.

पहिला आकडा सोपा होता. गेटवेच्या कमानीवर वर इंग्रजीत कोरलंय की राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी हिंदुस्थानात उतरले त्याप्रीत्यर्थ. साल रोमन अक्षरांत आहे. ओवी मान वर करून ती अक्षरं फोडत होती, तोवर ह्यांनी १९११ सांगून टाकलं आणि वर व्याख्यान सुरू केलं. राजा आला तेव्हा ही कमान नव्हतीच. तात्पुरता मंडप घालून स्वागत उरकलं. दगडी कमान पुरी होऊन उघडली ती १९२४ च्या डिसेंबरात, म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दरवाजा लागला. दगड आपल्या मालाडजवळच्या खरोडीचा, जाळ्या ग्वाल्हेरच्या, घाट गुजराती आणि नकाशा जॉर्ज विटेट या स्कॉटिश माणसाचा. खर्च एकवीस लाख. आणि पुढे २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाईट इन्फन्ट्रीचे गोरे शिपाई याच कमानीतून शेवटचे बाहेर पडले. "बांधली आत यायला, उपयोगी पडली बाहेर जायला," हे म्हणाले. हे वाक्य मी लग्नापासून ऐकत आलेय, पण ओवीला नवीन होतं, म्हणून हसली.

त्यानंतर ह्यांनी तिला तिरकेपणा दाखवायला घेतला. ही गोष्ट मात्र खरंच बघण्याजोगी आहे. गेटवेकडे येणारा रस्ता आणि गेटवे एका रेषेत नाहीत. कमानीसमोर सरळ येणारा ऐसपैस राजरस्ता आखला होता, पण पैसे संपले आणि तो झालाच नाही. त्यामुळे एवढी मोठी कमान शहराकडे जरा खांदा वळवून उभी आहे. "तिरकी कमान नाही, तिरका रस्ता आहे," असं हे हात लांब करून सांगत होते. शेजारी गळ्यात कॅमेरा नि खांद्याला प्रिंटरची बॅग लटकवलेला एक फोटोवाला उभा होता. त्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, कमान तिरकी आहे म्हणूनच एका फोटोत गेटवे आणि ताज दोन्ही येतात. सरळ असती तर आमचा धंदा बसला असता. दोघेही आपापल्या मुद्द्यावर ठाम. कोन नीट दिसावा म्हणून आम्ही सगळे दहा-वीस पावलं मागे सरकलो.

थोड्या वेळाने मला जाणवलं की गेटवेवर अचानक मोकळं मोकळं वाटतंय. रविवारची गर्दी, घारापुरीच्या लाँचवाल्यांच्या आरोळ्या, कबुतरं, फुगेवाले, आणि मधोमध एक ऐसपैस रिकामं वर्तुळ. मला बरं वाटलं. मग शिट्टी वाजली.

वर्तुळाच्या मध्यभागी, कठड्याला टेकून, एक पिशवी होती.

"कोणाची आहे ही पिशवी?" हवालदार गरजले. कोणी बोलेना. तेव्हा हे पुढे झाले. गोदीतली शिस्त अंगात भिनलेली. "मागे व्हा, मागे व्हा, लहान मुलांना घ्या," असं म्हणत त्यांनी गर्दी आणखी चार पावलं हटवली. एका गुजराती कुटुंबाला तर हाताला धरून बाजूला केलं. वर हवालदारांनाच सल्ला दिला, "तुम्ही हात लावू नका साहेब, पथक बोलवा." हवालदार म्हणाले, "तुम्ही कोण?" हे म्हणाले, "मी जबाबदार नागरिक."

मी पिशवीकडे नीट पाहिलं. दादरच्या साडीच्या दुकानातली बदामी कापडी पिशवी. एक बंद उसवलेला, त्याला निळ्या दोऱ्याने टाके घातलेले. दुसरा दोरा घरात नव्हता म्हणून मी शाळेच्या गणवेशाच्या जमान्यातलं ते निळं रीळ वापरलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "ती आपली आहे. तुम्ही ठेवलीत, कोन दाखवताना."

पुढची काही मिनिटं ह्यांच्या आयुष्यातली सर्वांत मौनाची असावीत. हवालदारांनी डबा उघडायला लावला. वरच्या कप्प्यात घारगे, खालच्या कप्प्यात लसणाची चटणी, बाजूला थर्मास आणि रुमालात बांधलेली दोन केळी. गर्दी निराश होऊन पांगली. हवालदारांनी वही काढली आणि विचारलं, "इथे काय करताय?"

ओवी परदेशात खरं बोलायची सवय लावून आलेली. ती म्हणाली, "आम्ही एक लपवलेली डबी शोधतोय."

लाँचची घंटासुद्धा तेवढ्यात थांबली असं मला वाटलं. २००८ च्या हल्ल्यानंतर गेटवेवर मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून आत यावं लागतं, पर्स उघडून दाखवावी लागते. तिथे उभं राहून पोलिसाला हे वाक्य ऐकवायला हिंमत नाही, हॉलंड लागतं. मी घाईघाईने म्हटलं, "भाची आहे माझी. परदेशात शिकते. संशोधन करतेय, जुन्या बंदरावर." संशोधन म्हटल्यावर हवालदारांचा चेहरा निवळला. ज्याचा कोणाला उपद्रव नाही आणि उपयोगही नाही अशा कामाबद्दल आपल्या पोलिसांना आदर असतो. वही मिटत त्यांनी डब्याकडे बोट केलं. "भोपळ्याचे का?"

"हो."

"आमच्या मुरुडला काकडीचे करतात."

तीन घारगे तिथे संपले. मुरुड, जंजिरा आणि काकडी अशी चर्चा झाली. जाताना ते ह्यांना म्हणाले, "काका, पिशवी गळ्यात घाला." ती पुढे दिवसभर ह्यांच्या गळ्यातच होती.

जुन्या यॉट क्लबाच्या इमारतीत आता अणुऊर्जा खातं आहे. त्याच्या भिंतीपाशी मोबाईल समोर धरून गोल गोल फिरायचं नसतं, हे ओवीला दंडाला धरून सांगावं लागलं. तिथे आकडा नव्हता, देवाची कृपा.

दुसरा आकडा होता तो थेट पोलीस मुख्यालयावर. म्हणजे महाराष्ट्राचे पोलीस महासंचालक बसतात ती इमारत, रीगलच्या समोर. कोड्यात विचारलं होतं की वरच्या त्रिकोणात बसलेल्या देवाच्या इंग्रजी नावात अक्षरं किती. मी या रस्त्याने आयुष्यभर गेलेय. रीगलला सिनेमे पाहिलेत, बससाठी ताटकळलेय. इथे देव आहे हे मला माहीत नव्हतं. गणपतीचा फोटो आत असेल, तो वेगळा. पण मान वर केली आणि खरंच, छपराखालच्या त्रिकोणात दाढीवाला एक धिप्पाड देव, भोवती समुद्रघोडे नि जलपऱ्या. नेपच्यून. कारण ही मुळात खलाशांची धर्मशाळा. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम, १८७६ साली पुरी झालेली, व्हीटीची इमारत बांधणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सचीच. राणीचा मुलगा ड्यूक ऑफ एडिंबरो १८७० साली मुंबईत आला म्हणून बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तिच्यासाठी दोन लाख रुपये दिले. राजपुत्र येऊन गेल्याच्या आनंदात दारूडे खलाशी सांभाळायची सोय करणारा हा एकटाच संस्थानिक असावा, आणि मला तर हे देणं गेटवेपेक्षा शहाणपणाचं वाटतं. खलाशी गेल्यावर १९२८ पासून तिथे कायदेमंडळ बसू लागलं. संयुक्त महाराष्ट्राच्या काळातले सगळे कडकडाट याच छपराखाली झाले. १९८१ ला आमदार नरिमन पॉइंटला नव्या विधान भवनात गेले आणि मग पोलीस आले. खलाशी, आमदार, पोलीस. नेपच्यूनने हूं का चूं केलं नाही.

अक्षरं सात. ओवीला त्रिशूळ मोठा करून पाहायचा होता म्हणून ती मोबाईल उचलून रस्त्याच्या मधोमध जाऊ लागली. "पोलिसांच्या दारात पोलिसांचा फोटो नको," मी म्हटलं. "मावशी, मी देवाचा काढतेय." शेवटी फोटो निघाला. त्यात नेपच्यूनपेक्षा वायरी जास्त आल्या.

लायन गेटपासून पुढे नौदलाची उंच भिंत सुरू होते. तिच्यामागे समुद्र आहे हे फक्त वाऱ्यावरून कळतं. मुंबईचा जुना किनारा पाहायला निघालेल्या माणसाला बराच वेळ भिंतच पाहायला मिळते, ही या सहलीतली अडचण कोणी आधी सांगत नाही. भिंतीपलीकडे काय काय आहे याची यादी ह्यांना पाठ. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आले ते १७३६ साली, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या इथे मलबारी सागवानाची जहाजं बांधली. १८१७ साली इथून पाण्यात गेलेलं ट्रिंकोमाली अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. "दोनशे वर्षं!" हे भिंतीवर थाप मारून म्हणाले, आणि भिंतीवरच्या 'हात लावू नये'कडे पाहून हात खिशात घातला.

त्याच आवारात जुना बॉम्बे कॅसल. पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात इंग्रज राजाला मुंबई मिळाली, त्याला ती परवडेना, म्हणून १६६८ साली त्याने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. कंपनीने हा किल्ला धरला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तिची झोप उडवल्यावर गव्हर्नर बून याने शहराभोवती तटबंदी घालून घेतली आणि १७१८ साली खांदेरीवर आरमारही पाठवलं. ते हात हलवत परत आलं. इंग्रज कागदपत्रांत कान्होजी चाचा. आज त्या किल्ल्यात आपलं नौदल आहे आणि तळाचं नाव आय.एन.एस. आंग्रे. ज्याच्या भीतीने तट बांधला त्याच्याच नावाची पाटी दारावर! हे ऐकून ओवी मात्र थांबली. तिने भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कोड्यात का नाही?" "गोऱ्याने घातलंय ना," हे म्हणाले.

तिसरा आणि शेवटचा आकडा म्हणजे टाऊन हॉलच्या पायऱ्या. एशियाटिक सोसायटीची ती पांढरी, खांबांची, १८३३ ची वास्तू, जिच्या पायऱ्या सिनेमात कोर्टाच्या म्हणून दाखवतात. कोडं म्हणतं, मोजा. यात अवघड ते काय, असं वाटत असेल तर रविवारी सकाळी जाऊन बघा. एका बाजूला स्पर्धा परीक्षेची मुलं चालू घडामोडी घोकत बसलेली, दुसऱ्या बाजूला एकमेकांत गढलेली जोडपी, आणि मधोमध एक लग्नाआधीचं फोटोशूट. नवरीचा घागरा चार पायऱ्यांवर पसरलेला. मी मोजत वर गेले, पण घागऱ्याखाली नक्की चारच आहेत का याची खात्री नव्हती, आणि नवरीला "जरा उचल गं" म्हणण्याइतकी ओळख नव्हती. माझ्या एकोणतीस भरल्या. ओवीच्या तीस. ह्यांच्या एकतीस.

"खालची फरशी पायरी नाही," ओवी म्हणाली.

"पाय ठेवला की पायरी," हे म्हणाले.

"मग वरचा व्हरांडा पण धरा."

"व्हरांड्यावर आपण थांबतो. फरशीवर थांबतो का?"

स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी पुस्तकं मिटली आणि ते लक्ष देऊन ऐकू लागले. यावर प्रश्न येऊ शकतो असं एकाने वहीत लिहूनही घेतलं.

वाद एका पायरीचा होता, पण सूत्रात पायऱ्यांना शंभराने गुणायचं होतं आणि तिथे सगळं फिरत होतं. इथे मात्र ह्यांची गोदी कामी आली. समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसून त्यांनी केळं सोलता सोलता ओवीला समजावलं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. खलाशाने नकाशा उघडला की त्याला अंतराची वेगळी पट्टी लागत नाही, नकाशाच्या कडेलाच ती छापलेली असते. तुझ्या मोबाईलवर मिनिटाच्या पुढे तीन आकडे दिसतात, त्यातला शेवटचा एकाने बदलला तर माणूस दोन पावलं सरकतो. आपल्याकडे शंभराने बदलतोय. म्हणजे एक पायरी चुकली की एकशे पंच्याऐंशी मीटर. ओवी त्यांच्याकडे बघत राहिली. डेल्फ्टात हे तिला कोणी केळं खात शिकवलं नव्हतं.

मग तिन्ही उत्तरं मोबाईलमध्ये घालून पाहिली. माझ्या एकोणतीस पायऱ्यांनी आम्ही एका बंद ऑफिसच्या जिन्यात जात होतो. ओवीच्या तीसने बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर. ह्यांच्या एकतीसने थेट गोदीच्या पाण्यात.

"भरतीची वेळ बघावी लागेल," हे म्हणाले. हार मानणं त्यांच्या स्वभावात नाही.

बॅलार्ड इस्टेट रविवारी बघावं. सोमवार ते शुक्रवार ते ऑफिस असतं. रविवारी ते शहर असतं, आणि तेही दुसऱ्याच कोणाचं तरी. सारख्या उंचीच्या, बेताच्या नक्षीच्या इमारती, झाडांची सावली, रस्त्यावर दोन कुत्री. ही सगळी जमीन समुद्रातली. शेजारी अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा) खणताना निघालेला गाळ-दगड टाकून बावीस एकर भरले आणि वर विटेटसाहेबांनीच एकसारखं गाव उठवलं. नाव दिलं पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं. विलायतेची बोट बॅलार्ड पिअरला लागली की साहेब उतरून समोरच्या धक्क्यावरच फ्रंटियर मेलमध्ये चढायचा आणि थेट पेशावरला उतरायचा. मधली मुंबई त्याला बघावीही लागत नसे. हे मला फार दिवस खुपत होतं. पण मग नरोत्तम मोरारजी मार्गाच्या पाटीखाली ह्यांनी उट्टं काढलं. याच नरोत्तमशेठांनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांबरोबर सिंदिया कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ ला त्यांची 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघाली. आपल्या मालकीची बोट, साहेबाच्या समुद्रात. दर ५ एप्रिलला सागरी दिन पाळतात तो याचा. ह्यांना त्या दिवशी छातीला लावायला एक छोटा झेंडा मिळायचा. तो अजून कपाटात आहे.

आता डबी. मोबाईल म्हणाला अकरा मीटर. दोन पावलं टाकली, म्हणाला तीन मीटर. उभ्याउभ्या म्हणाला सोळा. दगडी भिंतींवर आपटून उपग्रहाचे संदेश भरकटतात, असं ओवीने सांगितलं. सूचना एवढीच होती: 'लोखंड. गुडघ्याइतकं उंच.' बॅलार्ड इस्टेटमध्ये गुडघ्याइतकं लोखंड किती असतं याची कल्पना मला त्या दिवशी आली. ग्रिलं, नळ, दिव्याच्या खांबांचे पाय, कोणे एके काळी लावलेले साखळ्यांचे खुंट. चुंबकाने चिकटवलेली डबी कुठेही असू शकते. आम्ही तिघं तीन दिशांना वाकलो. ओवी पालथी पडून गटाराच्या जाळीखाली बघत होती. मी ग्रिलच्या मागून हात फिरवत होते. हे पिशवी गळ्यात घालून एका खुंटाशी ओणवे होते आणि खुंट ब्रिटिश आहे की नंतरचा हे ठरवत होते.

समोरच्या इमारतीच्या दारात वॉचमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता. खाकी शर्ट, लेंगा, मांडीवर रेडिओ. हा मगल. त्याच्या नजरेस पडायचं नाही म्हणून आम्ही त्याने पाहिलं की आकाशाकडे बघायचो. ते बराच वेळ चाललं. शेवटी त्याने रेडिओ बारीक केला.

"ताई, डबी का?"

कोणी उत्तर दिलं नाही.

"ती तिथे नाय. पावसात खुंटाला पाणी चढतं. मी आत ठेवलीय." तो उठला, दाराच्या टेबलाचा खण उघडला आणि आतून काळी, फोटोच्या रिळाची येते तसली डबी काढून टेबलावर ठेवली. बुडाला चुंबक. "काढायची तिथून काढता काढता पोरं सांडवतात. एकदा कुत्र्याने नेली. म्हटलं, ड्यूटी आपली आहे, वस्तू आपल्या हद्दीत आहे, सांभाळा."

ओवीचा आवाज फुटेना. खेळाच्या नियमांत याला जागा नव्हती. मी मात्र खणात डोकावले. खणाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला: चार्ज देणे-घेणे. बॅटरी १, शिट्टी १, छत्री १, किल्ल्यांचा जुडगा १, डबी १. खाली रोजच्या पाळीच्या दोन-दोन सह्या. रात्रपाळीच्या माणसाने डबी घेतल्याची सही केली होती आणि सकाळी परत दिल्याची. शंका नको म्हणून एके दिवशी 'झाकणासह' असं कंसात लिहिलं होतं.

"आणि आतलं चिठोरं?" ओवीने विचारलं.

"ते भिजलं होतं. पंख्याखाली वाळवून लावलंय इथे." त्याने एक लांबडी रेघी वही पुढे सरकवली. पहिल्या पानाला ते चिमुकलं, सुरकुतलेलं चिठोरं स्टेपल केलेलं, आणि पुढे पट्टीने आखलेले रकाने: तारीख, नाव, कुठून आले, कोणाकडे, काम, आत, बाहेर, सही. जगातल्या सगळ्या जिओकॅशिंगवाल्यांना बॅलार्ड इस्टेटच्या एका वॉचमनने शिस्त लावली होती. कोणी जर्मनीहून आलेला, कोणी ठाण्याहून. 'कोणाकडे' या रकान्यात प्रत्येकाने इमानेइतबारे 'डबी' लिहिलं होतं. 'काम' या रकान्यात बहुतेकांनी काही लिहिलं नव्हतं; तिथे वॉचमनने स्वतःच्या हाताने 'खाजगी' भरून टाकलं होतं.

आम्ही लिहिलं. ओवी, डोंबिवली. मी, डोंबिवली. ह्यांनी नाव, हुद्दा आणि 'सेवानिवृत्त' असं लिहिलं आणि 'काम' या रकान्यात 'पाहणी'. आत: एक वाजून दहा. वॉचमनने बोट ठेवून वाचलं, मान डोलावली, आणि वही परत आमच्याकडे फिरवली.

"बाहेरची वेळ टाका."

"पण आम्ही आत आलोच नाही," ओवी म्हणाली. "आम्ही फुटपाथवरच उभे आहोत."

"मग सही कशी झाली?"

याला उत्तर नव्हतं. ह्यांनी घड्याळ पाहिलं, एक वाजून सतरा लिहिलं, आणि वॉचमनला म्हणाले, "१९५५ पर्यंत मुंबईची वेळ वेगळी होती, बाकी देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. ती हवी असेल तर बारा वाजून अडतीस."

"चालू टायम टाका," वॉचमन म्हणाला. "आणि खाडाखोड नको, साहेब रागावतात."